शब्दचर्चा : ‘विजरई’, ‘गोवे’ आणि ऐतिहासिक कादंबरीतले शब्द

विचारणा (डिचोली) :

मी शाळेत मराठी शिकवते. संभाजी महाराजांच्या गोव्यावरील स्वारीचा एका कादंबरीतला उतारा मुलांना वाचून दाखवत होते. त्यात ‘व्हाइसरॉय’ येतो. दुसऱ्या एका कादंबरीत त्याच माणसाला ‘गव्हर्नर’ म्हटले आहे. एका मुलीने विचारले, “बाई, महाराज त्याला काय म्हणत असतील?” मला सांगता आले नाही. जुन्या मराठी कागदांत ‘विजरई’ असा शब्द दिसतो, तो हाच का? आणि तो आला कुठून?

उत्तर (फोंडे) :

हो बाय, तोच. पोर्तुगेज भाषेत ‘रै’ म्हणजे राजा आणि ‘व्हिसि-रै’ म्हणजे राजाच्या जागी कारभार पाहणारा. मराठी कारकुनाच्या कानावर पडले तसे त्याने मोडीत उतरवले आणि ‘विजरई’ झाला. ‘व्हाइसरॉय’ हे त्याच पदाचे इंग्रजी नाव. ते आपल्याकडे रुळले इंग्रजी अमदानीत. १६८३ साली मराठी शिलेदाराच्या तोंडी ते घातले की माझ्या मनातले सगळे चित्रच विस्कटते. त्या वर्षी विजरई होता कोंदि द आल्व्होर. मुलीला सांगा, महाराजांच्या दरबारात त्याला ‘विजरई’ आणि त्याच्या लोकांना ‘फिरंगी’ म्हणत.

मी वर ‘पोर्तुगेज’ लिहिले ते चुकून नव्हे. ‘पोर्तुगीज’ हे रूप इंग्रजीवरून आले; गोव्यातल्या जुन्या मराठीत मूळ उच्चाराला धरून ‘पोर्तुगेज’च लिहीत. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य इथल्या दफ्तरखान्यात घालवले. त्यांच्या १९६७ च्या ग्रंथाचे नावही ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ असेच आहे.

विजरईपेक्षा मला जास्त सलतो तो ‘गोवा’ हा शब्द. आज आपण पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळ्याला गोवा म्हणतो. १६८३ मध्ये ‘गोवे’ म्हणजे मांडवीकाठचे ते शहर, फार तर तिसवाडी. त्याला जोडून बार्देश आणि सासष्टी फिरंग्यांकडे होती. फोंडे तेव्हा मराठ्यांचे. ते पोर्तुगेजांकडे गेले १७६३ मध्ये, डिचोली आणि सत्तरी त्यानंतर वीसेक वर्षांनी, पेडणे १७८८ मध्ये. म्हणून फोंड्याच्या किल्ल्यावरचा हवालदार “आम्ही गोवेकर” असे बोलू लागला की तिथेच थांबावे लागते. त्याच्या लेखी गोवेकर म्हणजे खाडीपलीकडचा शत्रू.

‘जुने गोवे’ची गोष्ट तशीच. पणजी रीतसर राजधानी झाली १८४३ मध्ये. शहर गजबजलेले असताना त्याला ‘जुने’ कोण म्हणणार? तरी संभाजी महाराजांच्या काळातली पात्रे “जुन्या गोव्यावर चालून जाऊ” म्हणताना मी वाचली आहेत. माझी आजी पणजीला ‘पोणजें’ म्हणायची आणि जुन्या गोव्याला नुसते ‘गोंय’. “गोंयां वचून येतां” म्हणून ती निघाली की मी लहानपणी गोंधळून जायचो. आपण गोव्यातच तर आहोत, मग ही कुठे निघाली? तिच्या जिभेवर सतराव्या शतकातला नकाशा शिल्लक होता, हे फार उशिरा कळले.

हा अर्थ मनात धरून सप्तकोटेश्वराची हकिकत वाचा. दिवाडी बेटावरचे देऊळ पाडले गेले, लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेले, आणि तिथल्या देवळाचा १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. कादंबरीत ‘देव गोव्याबाहेर नेला’ असे वाचून आजच्या मुलाला वाटते, कुठे दूर घाटावर नेला असेल. दिवाडीच्या धक्क्यावर उभे राहून पाहा. समोर नार्वे दिसते, फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे लागते. एवढ्याशा पाण्याच्या अलीकडे विजरईचा अंमल आणि पलीकडे देवाला अभय. ‘गोवे’ शब्दाचा जुना अर्थ ठाऊक असेल तरच त्या अंतराची भीती कळते.

साखळीहून :

तुमचे पटते, पण कादंबरीकाराने दर पानावर टीपा द्यायच्या का? वाचकाला ‘व्हाइसरॉय’ चटकन कळतो. आणि कादंबरी म्हटली की कल्पना आलीच. बाणभट्टाच्या नायिकेचे नाव आपण या वाङ्मयप्रकाराला दिले, तिथेच इतिहासाची सक्ती संपली. बखरीसुद्धा कुठे काटेकोर होत्या?

उत्तर (फोंडे) :

भाऊ, टीप नकोच. एका शिलेदाराने दुसऱ्याला “विजरई म्हणजे त्यांच्या राजाचा मुतालिक” एवढे सांगितले की काम झाले. ‘मुतालिक’ हा त्या काळचाच शब्द, वाचकालाही परका नाही.

बखरी सगळ्या एका मापाच्या नाहीत. ‘खबर’ची अक्षरे उलटून ‘बखर’ झाली असे मानतात. सभासदाने लिहिले १६९७ मध्ये, शिवाजी महाराज जाऊन सतरा वर्षे झाली होती, त्यांना पाहिलेली माणसे हयात होती. चिटणिसांची बखर शंभराहून अधिक वर्षांनंतरची. कादंबरीकार दोन्हींतले प्रसंग सारख्याच विश्वासाने उचलतो, माझी तक्रार तेवढीच.

कल्पनेला माझी हरकत नाही. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री मराठे ओहोटी साधून गोवे शहराजवळच्या जुव्यात शिरले आणि तिथला किल्ला घेतला. त्या अंधारात कोण काय बोलले हे कागदात नाही, ते लेखकाने खुशाल रचावे. फक्त त्या माणसांना ‘सुकती’ म्हणू द्यावे. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. पाणी उतरून काठचा चिखल उघडा पडतो, पाऊल घोट्यापर्यंत रुतते, हे सगळे त्या शब्दात आहे. (‘जुंवो’ म्हणजेच बेट, त्यामुळे ‘जुवे बेट’ ही द्विरुक्ती, पण ती आता रूढ झाली आहे, राहू दे.)

त्यानंतर विजरईने आपल्या अधिकाराची काठी सेंट झेवियरच्या शवापाशी ठेवून शहर वाचवण्याची करुणा भाकली आणि शहर वाचले. श्रद्धेने लिहिणारा त्याला चमत्कार म्हणेल. इतिहास सांगतो की औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठी फौज घेऊन घाट उतरत होता आणि महाराजांना तिकडे वळावे लागले. कादंबरीत काठी असावी, शाहआलमही असावा.

डिचोली :

मुलांना हे सांगितले. आता एकाने विचारले आहे की इन्क्विझिशनला, म्हणजे फिरंग्यांच्या धर्मन्यायालयाला, तेव्हाचे लोक काय म्हणत?

उत्तर (फोंडे) :

‘व्हडलें घर’. १५६० मध्ये ते न्यायालय इथे आले आणि त्याच्या वाड्याला लोक तसे म्हणू लागले. मराठीत ‘थोरले घर’ लिहिले तर चालेल. ‘मोठे घर’ लिहू नका. मराठीत मोठ्या घरी मुलगी देतात.