अनुभव धागा: ‘आता मशीन देणार’ असं कधी वाटलं होतं?

लेथवाला
दसऱ्याची साफसफाई काढलीय घरात. माळ्यावरच्या जुन्या बॅगेत एक लाल वही सापडली आणि मी स्टुलावरच बसून राहिलो.

२०११ ते २०१४ कामानिमित्त गोव्याला सारखं जाणं व्हायचं. रात्री पणजीत मांडवीवरची कॅसिनोची बोट. पत्त्यांच्या टेबलाकडे मी कधी फिरकलो नाही, आपलं स्लॉट मशीन बरं, बटण दाबलं की चाकं फिरतात आणि चित्रं जुळली तर पैसे. मशीन म्हटलं की ते आपल्याला कळतं, असं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांत वाढलेल्या माणसाला वाटतंच. कुठलं मशीन किती वेळ गप्प आहे हे हेरायचं आणि मग बसायचं. वहीत रकाने पाडलेत: मशीन, वेळ, कोरडे स्पिन (चाकं फिरली पण काही लागलं नाही असे), काय लागलं. एका पानावर आहे, “खांबाजवळचं, रात्री ११.२०, ५२ कोरडे, आता येतंय.” खाली दोन रेघा. पेन इतकं दाबलंय की मागच्या पानावर उमटलंय. शेवटचा रकाना रिकामा.

काल जेवणं झाल्यावर सगळी वही मोजली. गेले ३८,५००, आले २९,२००. पण मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच आकड्याने. लावलेल्या पैशाच्या वीसपट किंवा जास्त मिळालं तर ते ‘मोठं’ धरायचो. चाळीस कोरडे गेल्यानंतरच्या दहा स्पिनमध्ये मोठं लागलं ५८ पैकी ६ वेळा. आणि नुसतं येऊन बसल्यावर पहिल्या दहात? ६१ पैकी ६ वेळा. म्हणजे मी तासन् तास ज्या वेळेची वाट बघत उभा राहायचो ती वेळ नव्हतीच. उत्तर चार वर्षं माझ्याच अक्षरात माझ्या बॅगेत होतं.

तुम्हालाही कधी असं ‘आता येणार’ वाटलं असेल तर लिहा. मटका, लॉटरी, मोबाईल, काहीही चालेल.

रंकाळ्याचा वारा
दादा वाचून पोटात कालवलं. वही जपून ठेवा.
मी एकदाच गेलोय, मित्राच्या लग्नाआधी. अर्धा तास एका मशीनवर घातला, उठलो, आणि एक काकू बसल्या त्यांना तिसऱ्याच बटणाला दणक्यात लागलं. आजतागायत वाटतं ते माझे पैसे होते.

मंजिरी_शाहूपुरी
आमच्या बाबांचा मटका. ओपन, क्लोज, जोडी, पाना हे शब्द मला पाढ्यांच्या आधी पाठ होते. भिंतीवर कॅलेंडरशेजारी आधी आलेल्या आकड्यांचा चार्ट असायचा, आठवड्याच्या ओळी आणि त्यात बाबांच्या तांबड्या पेन्सिलीच्या तिरक्या रेघा. इथून इथे सरकतंय बघ, उद्या छक्का. आधी म्हणे न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या भावांवर आकडा लावायचे, ते बंद झालं तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात घालून काढायला लागले, म्हणून मटका. म्हणजे काढायचा तो मडक्यातून, आणि बाबा शोधायचे भिंतीवर.
आईच्या पाटल्या गेल्या. मला बाबांचा राग नाही, ते रेघा मारताना इतके मन लावून बसायचे.

सुलू मावशी
मंजिरी, बाळ, जवळ घ्यावंसं वाटलं तुला.
आमच्याकडे अजून साफसफाई सुरूच नाही. पितळेची भांडी कशाने घासता सगळे? चिंच संपलीय.

पाटलाचा वाडा
गोव्याला आता कुठून जाताय लोकं? राधानगरीवरून फोंडा घाट का आंबोली? शनिवारी निघायचंय. कॅसिनोला नव्हे हो, मुलीला समुद्र बघायचाय.

वाळवंटातला कोल्हापूरकर
लेथवाले दादा, मी अमेरिकेत नेवाडात राहतो, नोकरी वेगळी आहे पण हा विषय जवळून बघितलाय. तुमची वही बरोबर बोलतेय. आतली चिप सारखी आकडे काढत असते, सेकंदाला हजारो, कोणी बसलेलं नसलं तरी. तुम्ही बटण दाबता त्या क्षणीचा आकडा तुमचा. मागचे ५२ कोरडे तिला माहीतच नसतात.

रंकाळा भावा, त्या काकूंचे पैसे तुझे नव्हते रे. तू बसून राहिला असतास तरी त्याच क्षणाला तुझं बोट पडलं नसतं. ते ओझं उतरव आता.

तरीही ‘योग्य वेळ’ ही गोष्ट अगदीच खोटी नाही. इथे काही मशीनवर जॅकपॉटला, म्हणजे साठत जाणाऱ्या मोठ्या बक्षिसाला, छत असतं. पाटीवर लिहिलेलं असतं, ५०० डॉलरच्या आत फुटणारच. समजा मीटर, म्हणजे साठलेल्या जॅकपॉटचा आकडा, ४९० वर आहे आणि प्रत्येक डॉलर खेळण्यामागे अर्धा सेंट चढतं. छताला दहा डॉलर उरले, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर खेळून होतील, सरासरी हजार. मशीन जॅकपॉट सोडून शेकडा दहा कापत असेल तर हजारात शंभर जातात आणि ४९० च्या वर हातात येतात. इथे वेळ खरोखर तुमच्या बाजूची. तेच मीटर ४५० वर असताना बसलात तर सरासरी ५,००० खेळावे लागतात, ५०० जातात, येतात ४७५ च्या आसपास. चाळीस डॉलरच्या फरकात फायद्याचा तोटा होतो. आणि मशीन किती कापतं ते पाटीवर लिहिलेलं नसतं, तिथेच भले भले फसतात.

शिवाय हे हेरणारे तुम्ही एकटे नसता. एक म्हातारे गृहस्थ रोज पहाटे सगळी मीटरं बघत फिरतात, पाठ वाकलीय. मी विचारलं तर म्हणाले, बहुतेक दिवस नुसतं चालणंच होतं. गोव्यात मी दोनदा गेलो, छताची पाटी कुठे दिसली नाही.

लेथवाला
भावा, हे मला कुणी २०११ ला सांगायला हवं होतं. म्हणजे बघायचं ते मशीनच्या गप्प बसण्याकडे नाही, डोळ्यांना दिसेल असं काही साठलंय का त्याकडे. मी वेळ मोजत बसलो, पाटी वाचलीच नाही.
पण एक सांग, ती चाकं? दोन सत्ते लागायचे आणि तिसरा एक घर वर थांबायचा, सारखा. ते बघूनच मी ‘येतंय’ लिहायचो.

वाळवंटातला कोल्हापूरकर
त्याचंही कारण आहे. पहिलं गाजलेलं मशीन सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे या मेकॅनिकचं, १८९० च्या दशकातलं, लिबर्टी बेल. तीन खरी चाकं, नाल, चौकट, इस्पिक, बदाम, घंटा. त्यात जे दिसायचं तेच असायचं. १९८४ ला इंगे टेलनेस या संशोधकांना नव्या पद्धतीचं पेटंट मिळालं, तेव्हापासून चाक कुठे थांबायचं ते आतला आकडा ठरवतो. चाकावर २२ घरं दिसली तरी आत यादी कितीतरी लांब ठेवता येते. सत्त्याच्या वाट्याला त्यातला एखादाच आकडा, त्याच्या वरच्या-खालच्या रिकाम्या घरांना भरपूर. म्हणून ‘एका घराने हुकलं’ सारखं दिसतं. जवळ आलेलं काहीच नसतं.

लेथवाला
म्हणजे फे आपल्यातलाच, चाकं कातणारा. त्याचं मशीन उघडून बघायला मिळालं असतं तर मी आयुष्यभर सांगितलं असतं लोकांना.
‘जवळ आलेलं काहीच नसतं’ हे वहीच्या त्या पानावर लिहून ठेवलं आत्ताच. रिकाम्या रकान्यात.

कसबा बावडा एक्सप्रेस
दूध काढून आलो, आत्ता वाचतोय. माझा भाऊ मोबाईलवर. रात्री बारानंतर लोक कमी असतात, तेव्हा लागतं असं कुणी तरी त्याच्या डोक्यात घातलं. गोठ्यात मोबाईलचा उजेड दिसायचा, आम्हाला वाटायचं म्हशीला बघतोय. दोन म्हशी विकल्या तेव्हा कळलं. २०२५ च्या कायद्याने पैशाचे ऑनलाईन खेळ बंद केले तेव्हा आई देवापुढे बसून रडली. तो आता बरा आहे. सकाळी धार तोच काढतो.

मंजिरी_शाहूपुरी
भावाला माझा नमस्कार सांगा. खरंच.

सुलू मावशी
धार काढतो ना, मग सुटला बघ तो.

रंकाळ्याचा वारा
नेवाडा दादा, बारा वर्षांनी त्या काकूंना माफ केलं 🙏 पाटील, फोंडा घाटाने जा, राधानगरीला धरण दाखवा पोरीला. मावशी, चिंच नसेल तर लिंबू आणि मीठ.

पाटलाचा वाडा
ठरलं, फोंडा. पहाटे पाचला निघतो. दाजीपूरच्या पुढे चहा कुठे मिळतो एवढ्या सकाळी?