मदत हवी आहे: ‘गो ऑफ’ आणि ‘टेक ऑफ’ जपानीत कसं न्यायचं?

यंत्राच्या सुरक्षासूचना इंग्रजीतून जपानीत करायच्या आहेत. अडलेली वाक्यं:
१) इफ द अलार्म गोज ऑफ, टर्न इट ऑफ.
२) टेक ऑफ द कव्हर.
३) टेक ऑफ युअर ग्लव्ह्ज.
शब्दकोशात ‘गो ऑफ’पुढे नारु (वाजणे) आणि किएरु (विझणे) दोन्ही आहेत, ‘टेक ऑफ’पुढे नुगु (अंगावरचं काढणे), हाझुसु (लावलेलं काढणे) आणि विमानाचं ‘रिरिकु सुरु’ (उड्डाण करणे). निवडायचं कशावरून?

प्रतिसाद १
क्रियापद बाजूला ठेवा, आधी कर्ता आणि कर्म बघा. दिवा ‘गो ऑफ’ झाला तर किएरु, अलार्म झाला तर नारु, दूध झालं तर कुसारु (नासणे). पहिल्या वाक्यात चुकून किएरु पडलं तर ‘अलार्म बंद झाल्यावर’ असा नेमका उलटा अर्थ निघेल. सुरक्षासूचनेत ही चूक फार महागात पडते.

त्याच वाक्यातलं ‘इट’ त्याहून घातक. बंद काय करायचं, अलार्म की यंत्र? हे मूळ लेखकाला विचाराच, अंदाजाने भरू नका. यंत्र असेल तर: केइहोउ गा नात्तारा, किकाइ नो देनगेन ओ कित्ते कुदासाइ. अलार्म असेल तर: केइहोउ ओ तोमेते कुदासाइ. ‘टर्न ऑफ’सुद्धा एक नाही: वीजपुरवठा किरु, दिवा केसु, गॅसचा मुख्य कॉक शिमेरु.

प्रतिसाद २
‘टेक ऑफ’साठी उलटीकडून या: ती वस्तू घालताना जपानीत काय म्हणतात? किरु (शर्ट), हाकु (पँट, बूट), काबुरु (टोपी) असेल तर काढताना नुगु. काकेरु (चष्मा), हामेरु (अंगठी, हातमोजे), त्सुकेरु (मास्क) असेल तर हाझुसु. म्हणून वाक्य ३ला तेबुकुरो ओ हाझुशिते कुदासाइ. हातमोज्यांना नुगुही चालतं, पण एका पुस्तिकेत एकच ठेवा. कव्हरला हाझुसु किंवा तोरिहाझुसु. नुगु इथे चालणार नाही, कारण ते अंगावरच्या गोष्टींपुरतंच आहे.

आपली गफलत इथेच होते. मराठीत शर्ट, चष्मा, कव्हर सगळं ‘काढतो’, त्यामुळे दोन्हीकडे एकच शब्द योग्य वाटतो. नारु-नारासु, किएरु-केसु या जोड्या मात्र आपल्याला सोप्या जातात. वाजणे-वाजवणे, विझणे-विझवणे हेच ते.

धागाकर्ता
खूप आभार. मग हेल्मेट आणि पडद्यावरची संरक्षक फिल्म?

प्रतिसाद २
हेल्मेट काबुरु, म्हणून नुगु. पण हनुवटीचा पट्टा सोडायला सांगायचं असेल तर आगोहिमो ओ हाझुसु. फिल्म चिकटलेली असते, तिथे दोन्ही नाहीत: फिरुमु ओ हागाशिते कुदासाइ (हागासु म्हणजे सोलून काढणे).