मदत हवी आहे: इस्रायल-पॅलेस्टाईनवर बायबल अभ्यास, उताऱ्यांचा क्रम कसा लावावा?
जय ख्रिस्त मंडळी. प्रौढांच्या वर्गात ९० मिनिटांत हा विषय घ्यायचा आहे. गाडी नेहमी उत्पत्ती १२:३ वर अडते. ‘तुला आशीर्वाद देणाऱ्यांना मी आशीर्वाद देईन’ हे वचन अब्राहामाला दिलेलं, पण ते थेट १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्राच्या धोरणांना लावलं जातं. बायबलमधला ‘इस्राएल’ आणि बातम्यांतला ‘इस्रायल’ कानाला एकच लागतात, त्यानं गोंधळ आणखी वाढतो. उलट गलती ३:१६ (अब्राहामाचं ‘संतान’ म्हणजे ख्रिस्त) एकटं वाचलं, की यहुद्यांची जागा ख्रिस्ती मंडळीनं घेतली असा निष्कर्ष निघतो आणि रोम ११:१८ ची ताकीद (कलम केलेल्या फांदीनं, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी, बढाई मारू नये) राहूनच जाते. म्हणून तिन्ही उतारे एकत्रच हवेत.

पुढे पॅलेस्टिनी ख्रिस्ती नेत्यांचं २००९ चं ‘कैरोस पॅलेस्टाईन’ निवेदन आणि यहुदीद्वेषाचा निषेध करणारं व्हॅटिकनचं १९६५ चं ‘नोस्त्रा एताते’ घेणार आहे. एकच घेतलं तर वर्ग एकीकडे झुकतो.

विचारायचं ते असं: २०२३ च्या नाताळात बेथलेहेमच्या लुथरन चर्चमध्ये ढिगाऱ्यात, काफियात (पॅलेस्टिनी रुमालात) गुंडाळून ठेवलेल्या बाळ येशूचं छायाचित्र आधी दाखवावं की शेवटी? आधी दाखवलं तर वचनांकडे लक्षच राहणार नाही, अशी भीती वाटते. ‘कैरोस’चा मराठी अनुवाद कुणाकडे आहे का? आणि हमासनं धरून नेलेल्या ओलिसांचे व गाझातले, दोन्हीकडचे शोकग्रस्त ज्यात येतील अशी मध्यस्थीची प्रार्थना कुणी लिहिली असेल, तर कृपया इथे द्या.