बाबांच्या आरएक्स 100 ची टाकी आतून गंजली आहे, बाहेरचा रंग न बिघडवता साफ कशी करू?

आरएक्सवाली (लोकमान्य नगर, इंदूर)

नमस्कार. बाबांनी 1991 मध्ये घेतलेली यामाहा आरएक्स 100 पाच वर्षं जिन्याखाली उभी होती, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. गेल्या महिन्यात बाहेर काढली. प्लग बदलल्यावर तिसऱ्या किकला सुरू झाली, पण पलासियाच्या चौकात बंद पडली. कार्बोरेटर उघडला तर वाटीत तांबूस गाळ आणि पायलट जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बुजलेला. साफ करून बसवला, दोन दिवसांत पुन्हा तेच. टाकीत टॉर्च मारली की तळाला विटकरी पोपडे दिसतात.

मिस्त्री म्हणतात, संडासाचं ॲसिड ओता, नाहीतर डुप्लिकेट टाकी बसवा. टाकी मला बदलायची नाही. रंग मूळचा आहे. उजव्या अंगाला एक पोचा आहे, तो 2004 च्या सिंहस्थाला आई-बाबा उज्जैनला निघाले होते तेव्हा सांवेरजवळ गाडी घसरली, तेव्हाचा. बाबांनी तो शेवटपर्यंत काढू दिला नाही. बाबा आता नाहीत. घरच्या घरी काय करता येईल?

छावणीकर

ताई, ते ॲसिड अजिबात ओतू नका. मी माझ्या राजदूतला ओतलं होतं. गंज गेला हे खरं, पण टाकी सुकेपर्यंत आत पुन्हा पिवळी झाली आणि महिन्याभरात खालच्या जोडाशी दोन ठिकाणी पेट्रोल पाझरायला लागलं. टाकीच्या मानेवरून (झाकणाखालच्या तोंडावरून) ओघळ आला तिथला रंगही उडाला. वेल्डिंगवाल्याने टाकी हातात घ्यायला नकार दिला, आणि त्याचं बरोबर होतं. पेट्रोलची वाफ आत राहिली असेल तर टाकी फुटते.

जुना फिटर

छावणीकर म्हणतात ते खरं आहे. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक असतं. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आणि तीस वर्षांच्या टाकीत खायला पत्रा उरलेला नसतो. ताई, तुम्ही लिंबूसत्त्व वापरा. सियागंजात किराण्याच्या घाऊक दुकानात किलोने मिळतं.

टाकी उतरवा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) काढा, जुनं पेट्रोल कॅनमध्ये काढून ठेवा, गटारात टाकू नका. मग खालच्या जोडावर बाहेरून खडू घासा, आत अर्धा लिटर डिझेल घालून टाकी हलवा आणि तासभर ठेवा. खडूवर काळा डाग उमटला तर तिथे भोक आहे. तसं असेल तर पुढे काही करू नका, आधी इथे लिहा.

डाग नसेल तर गरम पाणी आणि कपड्यांची पावडर घालून टाकी तीन-चार वेळा विसळा. ही पायरी लोक गाळतात आणि मग लिंबूसत्त्वाने काही झालं नाही म्हणतात. पाच वर्षांच्या पेट्रोलची राळ गंजावर बसलेली असते. ती निघाल्याशिवाय आम्ल गंजापर्यंत पोचतच नाही.

पोपडे जाड असतील तर नट-बोल्ट टाकू नका, एखादा आतल्या कोपऱ्यात अडकून बसतो. सायकलची जुनी चेन तारेला बांधून आत सोडा, टाकी सगळ्या बाजूंनी हलवा आणि तारेने ओढून घ्या.

आता कॉकच्या जागी ट्यूबचा रबर आणि पत्र्याची पट्टी कसून लावा. मानेभोवती ग्रीस, बाकी टाकीवर प्लास्टिक, म्हणजे रंग वाचेल. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात लिटरला 80 ग्रॅमप्रमाणे लिंबूसत्त्व विरघळवा. तुमच्या टाकीला पाऊण-एक किलो लागेल. काठोकाठ भरा, अर्धी भरलीत तर वरचा गंज तसाच राहील. झाकण घट्ट लावू नका, आत थोडा वायू तयार होतो. जवळ विडी-काडी नको. रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. चोवीस तासांपुढे नको, लिंबूसत्त्वही शेवटी पत्र्याला लागतं.

ओतून दिलंत की घाई करा. उघडा पत्रा दहा-पंधरा मिनिटांत पिवळा पडतो. लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी, फेस थांबेपर्यंत. मग एकदा साधं पाणी, झटकून उन्हात, केस वाळवायच्या ड्रायरने आत गरम वारा. वाळली की अर्ध्या लिटर पेट्रोलात 100 मिली टूटी ऑइल (2T, टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) मिसळून टाकी सगळीकडे फिरवा. राजदूत, येझदीच्या टाकीत ऑइल पेट्रोलातच असायचं, त्याचा पातळ थर आतून बसायचा. आरएक्सचं ऑइल वेगळ्या डब्यात, म्हणून तिच्या टाकीला हे संरक्षण कधी मिळालंच नाही.

आतून लावायचं इपॉक्सी इतक्यात नको. पत्रा पूर्ण कोरडा आणि स्वच्छ नसेल तर ते सोलून निघतं आणि जेटला गंजापेक्षा वाईट बुजवतं.

राऊवाला

काकांनी सगळं सांगितलंच. एवढंच सांगतो, हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासकट तळाला बसतं, गंज तिथूनच धरतो. महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी पूर्ण भरा, त्याहून जास्त असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी दोन्ही रिकामी करा. कॉक ते कार्बोरेटरची नळीही बदला.

आरएक्सवाली

काका, झालं! खडूवर डाग नव्हता. पावडरच्या पहिल्या पाण्यातच मूठभर पोपडे निघाले. सकाळी पाणी हिरवट-काळं झालं होतं आणि आत राखाडी पत्रा दिसत होता. मानेच्या आत मागच्या बाजूला रुपयाएवढा डाग राहिला, कारण मी तिथपर्यंत भरलं नव्हतं. तेवढ्यासाठी पुन्हा आम्ल घातलं नाही. नळी नवी, मध्ये पारदर्शक फिल्टर बसवला. पहिल्या दिवशी त्यात चार-पाच कण आले, नंतर नाही.

रंगाला धक्का लागला नाही. रविवारी आईला मागे बसवून सांवेरपर्यंत जाऊन आले, एकदाही बंद पडली नाही. तो राहिलेला डाग पावसाळ्याआधी काढावा की तसाच ठेवू?

जुना फिटर

टाकी भरलेली ठेवा, डाग तसाच राहू दे. दिवाळीला टॉर्च मारून बघा. वाढला असेल तर सांगा.