टीचिंग हॉस्पिटलचं मानांकन: घरची तपासणी बंद करावी का?

रात्रपाळी
पुढच्या महिन्यात आमच्याकडे अ‍ॅक्रेडिटेशनची टीम येतेय, त्याआधी इंटर्नल ऑडिट उरकलं. काल ड्युटीवर सहज क्रॅश कार्टची (इमर्जन्सीची औषधं-उपकरणं ठेवलेली ट्रॉली) रोजच्या तपासणीची चेकलिस्ट उघडली तर तीसच्या तीस सह्या एकाच पेनाने एका बैठकीत मारलेल्या, आणि काल तारीख होती १८! ऑडिटचा शेरा: ‘समाधानकारक’. घरच्यांनी घरच्यांना तपासायचा हा खेळ बंद करा, बाहेरचे येऊ देत आणि तेही न सांगता.

आकडेमोड
न सांगता येण्याचा अनुभव अमेरिकेत आहे की. २०१७ मध्ये मेडिकेअरच्या (तिथला मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी विमा) पेशंट्सवर अभ्यास आला होता, तपासणीच्या आठवड्यात दाखल झालेल्यांचा ३० दिवसांतला मृत्युदर ७.०३ टक्के आणि आधीच्या-नंतरच्या आठवड्यांत ७.२१. मोठ्या टीचिंग हॉस्पिटलांत फरक अजून जास्त, ५.९३ आणि ६.४१.

रात्रपाळी
@आकडेमोड मग माझंच म्हणणं सिद्ध झालं ना!

आकडेमोड
उलट. पाहुणे गेले की गाडी मूळपदावर. बाकीचे एक्कावन्न आठवडे पेशंटने काय करायचं?

जुनीसिस्टर
बाहेरची टीम आली की कॉरिडॉरमधल्या ट्रॉल्या कुठे गायब होतात ते मला विचारा. पण एकदा त्यांच्यातल्या एका बाईंनी एका पेशंटची फाइल घेतली आणि त्या पेशंटच्या वाटेने चालत निघाल्या, कॅज्युअल्टी, एक्सरे, ओटी, वॉर्ड, प्रत्येक ठिकाणी जो समोर दिसेल त्यालाच प्रश्न. ट्रेसर म्हणतात त्याला. रेसिडेंटला विचारलं, हँडओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती) कोणाकडून घेतलास, तर पोरगा माझ्याकडे बघायला लागला. हे तर आम्ही स्वतः दर आठवड्याला करू शकतो, त्याला बाहेरचं माणूस कशाला हवं?

कागदीघोडे
सिस्टर, करू शकता पण करणार कोण? टीचिंग हॉस्पिटलात घरचा तपासनीस म्हणजे बहुतेक वेळा आपलेच एचओडी (विभागप्रमुख) किंवा गाइड, म्हणजे माझ्या लॉगबुकवर सही करणारे. मी सांगू का त्यांना, की काल रात्री सिनिअरला तीन वेळा फोन केला, उचलला नाही आणि चेस्ट ट्यूब (छातीत घालायची नळी) मी एकट्याने टाकली? फॉर्मवर लिहिलं, ‘सुपरव्हिजन उपलब्ध’. परीक्षा पास व्हायचीय मला.

आकडेमोड
मुद्दा बरोबर, पण बाहेरचे म्हणजे निर्भीड हा भ्रम नको. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने पहिल्या पाहणीत १०० किंवा जास्त खाटांची ६९२ हॉस्पिटलं तपासली, निकषांत बसली फक्त ८९. १९१९ मध्ये ती यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या भट्टीत जाळून टाकली. शेवटी तेही डॉक्टरच, आपल्याच बिरादरीतले.

रात्रपाळी
शंभर वर्षं जुनी गोष्ट काढून काय उपयोग. आणि @कागदीघोडे तू तर माझीच बाजू मांडलीस, घरी खरं बोलता येत नाही.

कागदीघोडे
नाही हो. बाहेरच्यांपुढे तर आम्ही पाठ केलेलंच बोलतो, आधी मॉक होतं त्याचं! मला एवढंच हवंय की घरच्या ऑडिटला दुसऱ्या डिपार्टमेंटचं माणूस यावं, ज्याच्या हातात माझे मार्क नाहीत. सर्जरीवाल्यांनी मेडिसिन बघावं, मेडिसिनवाल्यांनी सर्जरी.

जुनीसिस्टर
आणि नर्सेसनी दोन्ही.

रात्रपाळी
ते ठीक आहे हो, पण १९ ते ३० च्या सह्यांचं काय करू? खोडू की ठेवू?

जुनीसिस्टर
हात लावू नकोस. फोटो काढून ठेव आणि आधी कार्ट उघडून अ‍ॅड्रिनॅलिनची एक्स्पायरी बघ.