कधीच न संपणारी शिक्षा हा न्याय कसा?

पाऊलखुणा (धागाकर्ती)

शेवटचा न्याय होणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे. हे आधीच सांगते, कारण नरकाविषयी प्रश्न विचारला की समोरचा लगेच धरून चालतो की हिला न्यायच नको आहे. मला न्याय हवा आहे. ज्यांचे खून पचवले गेले, ज्या मुलांवर अत्याचार करणारे म्हातारे होऊन मानाने मेले, त्या सगळ्यांची फिर्याद कुठेतरी ऐकली गेलीच पाहिजे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात मोठं पांढरं राजासन आहे, लहानथोर सगळे मेलेले समोर उभे आहेत आणि पुस्तकं उघडली जात आहेत. त्या चित्राचा मला आधार वाटतो. जे दडपलं गेलं ते तिथे वाचलं जाईल.

माझा प्रश्न निकालानंतरचा आहे. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यात केलेल्या पापांसाठी कधीच न संपणारी यातना. तीही माणूस सुधारावा म्हणून नाही, कारण मेल्यावर पश्चात्तापाला वाव नाही असं परंपरा सांगते. मग ती चालू कशासाठी राहते? गुन्हा उघड झाला, पीडिताचं म्हणणं खरं ठरलं, गुन्हेगाराला आपण काय केलं ते लख्ख कळलं. त्याच्या लाख वर्षांनंतरही यातना चालूच असेल, तर तिला छळाखेरीज दुसरं काय म्हणायचं?

थॉमस अक्विनास या धर्मपंडिताने तेराव्या शतकात दिलेलं उत्तर मला माहीत आहे: ज्याचा अपराध केला तो जितका थोर, तितका अपराध मोठा, देव अनंत, म्हणून त्याच्याविरुद्धचं पापही अनंत. पण हे माप राजदरबाराचं आहे. राजाला मारलेली चापट आणि नोकराला मारलेली चापट यांना वेगळी शिक्षा, असं तिथे चालायचं. येशूने तर ते माप उलटं केलं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो म्हणतो की या लहानांतल्या लहानाला जे केलं ते मला केलं. आणि लूक १२:४७-४८ मध्ये कुणाला पुष्कळ फटके, कुणाला थोडे. जिथे थोडे आणि पुष्कळ आहेत, तिथे मोजमाप आहे. अनंताला मोजमाप कसलं?

यहेज्केल ३३:११ मध्ये देव शपथेवर सांगतो की दुर्जनाच्या मरणाने मला संतोष होत नाही. विलापगीत तिसऱ्या अध्यायात म्हणतं की प्रभू कायमचा टाकून देत नाही. या देवाशी अनंत यातना कशी जुळवायची? ज्यांना ती जुळते असं वाटतं त्यांचं म्हणणं मला खरोखर ऐकायचं आहे.

शिलास्तंभ

ताई, तुम्ही मत्तय २५ चा आधार घेतलात, पण त्या अध्यायाचं शेवटचं वचन गाळलंत. "ते सार्वकालिक शिक्षा भोगायला जातील आणि नीतिमान सार्वकालिक जीवन उपभोगायला जातील." एकाच वाक्यात दोन्ही. पाचव्या शतकात ऑगस्टीनने विचारलं होतं ते आजही विचारावं लागतं: शिक्षेचा सार्वकालिकपणा संपणारा मानला, तर जीवनाचाही संपणारा मानायचा का? सोयीचा अर्धा भाग ठेवून दुसरा सोडता येत नाही.

नरकाची शिकवण पुढे कुणीतरी कठोर माणसांनी घुसडली असंही म्हणता येत नाही. मूळ ग्रीक नव्या करारात गेहेन्ना हा नरकासाठीचा शब्द १२ वेळा येतो, त्यातला ११ वेळा येशूच्या तोंडी. आपल्यावर सर्वांत जास्त प्रेम करणाऱ्यानेच सर्वांत जास्त इशारे दिले. १२१५ ची कॅथोलिकांची चौथी लॅटरन परिषद, १५३० चा लूथरपंथीयांचा आउग्सबुर्ग विश्वासनामा, १६४६ चा कॅल्विनपंथीयांचा वेस्टमिन्स्टर विश्वासनामा: एरवी एकमेकांशी कडाडून भांडलेले हे लोक या मुद्द्यावर एक आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न, शिक्षा चालू का राहते. अक्विनासचं उत्तर तुम्हाला पटलं नाही तर दुसरं देतो: पाप चालू राहतं म्हणून. लूक १६ मधला श्रीमंत मनुष्य बघा. मेल्यावर ज्वाळेत तळमळतो आहे, आणि त्याच्या दाराशी पडून असायचा तो भिकारी लाजर आता अब्राहामाजवळ आहे, तरी लाजराशी एक शब्द बोलत नाही. ज्याला आयुष्यभर दाराशी पडलेला पाहिला, त्याची क्षमा मागत नाही. अब्राहामाला सांगतो की लाजराला पाठवा, बोटाचं टोक बुडवून माझी जीभ थंड करू द्या. नंतर पुन्हा सांगतो, लाजराला माझ्या वडिलांच्या घरी पाठवा. मेल्यानंतरही लाजर त्याच्या लेखी निरोप्याच! यातनेने तो तसूभर बदललेला नाही. देव त्याला डांबून ठेवतो आहे असं मला दिसत नाही. तो जो होता तोच राहिला आहे, आणि तसा माणूस देवाजवळ राहूच शकत नाही.

कवडसा

तुम्ही दोघंही एक गोष्ट न तपासता धरून चालला आहात, ती म्हणजे दुष्टाचा आत्मा कायम जगणारच. शास्त्र असं कुठे सांगतं? १ तीमथ्य ६:१६ म्हणतं की अमरत्व एकट्या देवाला आहे. सार्वकालिक जीवन हे देणं आहे. ज्याने ते नाकारलं त्याच्याजवळ ते राहणार कुठून?

रोम ६:२३ मध्ये पापाचं वेतन मरण आहे. मत्तय १०:२८ म्हणतं की आत्मा आणि शरीर या दोहोंचा नरकात नाश करायला जो समर्थ आहे त्याला भ्या. योहान ३:१६ सगळ्यांना पाठ असतं, पण तिथेही सार्वकालिक जीवनासमोर उभा आहे तो नाश. आणि अग्नीच्या सरोवराला प्रकटीकरण स्वतःच दुसरं मरण म्हणतं. न मरणाऱ्या किड्यांचं जे वचन मार्क ९ मध्ये आहे, ते यशयाच्या शेवटच्या वचनातून आलेलं आहे, आणि तिथे ते किडे प्रेतांवर आहेत.

शिलास्तंभ, मत्तय २५:४६ मला पूर्ण मान्य आहे. देहदंड काही क्षणांत अमलात येतो, म्हणून त्याला कुणी काही क्षणांची शिक्षा म्हणत नाही. गेलेला परत येत नाही. तसाच हा नाश कायमचा. जॉन स्टॉटसारख्या शास्त्राला घट्ट धरून राहिलेल्या इव्हँजेलिकल पाळकाने १९८८ मध्ये याच बाजूला आपला कल असल्याचं लिहिलं. त्यांनीही ते अंतिम मत म्हणून मांडलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

शिलास्तंभ

प्रकटीकरण २०:१० मध्ये "रात्रंदिवस, युगानुयुग पीडा" असं स्पष्ट आहे. ज्याचा नाश झाला त्याला रात्रंदिवस कसली पीडा?

कवडसा

ते वचन सैतान, श्वापद आणि खोटा संदेष्टा यांच्याबद्दल आहे. माणसांबद्दल पाच वचनांनंतर लिहिलं आहे, आणि तिथे दुसरं मरण आहे.

शिलास्तंभ

पण सरोवर तेच. शिवाय १४:११ माणसांबद्दलच आहे: त्यांच्या पीडेचा धूर युगानुयुग वर चढतो आणि त्यांना रात्रंदिवस विश्रांती नाही.

ओलीमाती

श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांच्याबद्दल शिलास्तंभ यांनी जे टिपलं ते फार महत्त्वाचं आहे. तो लाजराशी बोलत नाही, हे खरंच. पण गोष्ट अर्ध्यावर सोडू नका. त्याला पाणी मिळत नाही, आणि मग तो काय म्हणतो? मला पाच भाऊ आहेत, त्यांना सावध करा, ते तरी या जागी येऊ नयेत. आयुष्यभर दारात पडलेला माणूस ज्याला दिसला नाही, त्याला आता दुसऱ्याची काळजी वाटू लागली आहे. सुरुवात घरच्यांपासून झाली असेल, पण झाली आहे. आणि अब्राहाम त्याला हाक कशी मारतो? "मुला." ज्वाळेतल्या माणसाशी असलेलं नातं त्याने तोडलेलं नाही.

माझी श्रद्धा अशी की देव शेवटी सगळ्यांना परत मिळवेल. ही आजकालच्या मवाळ लोकांची कल्पना नाही. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी हेच शिकवायचा, आणि त्याला पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या दोन्ही मंडळ्या संत मानतात. त्याच्याही आधी हेच मानणाऱ्या ओरिगेन या धर्मपंडिताच्या मतांचा ५५३ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलला धिक्कार झाला हे मला ठाऊक आहे, पण ओरिगेनने या शिकवणीबरोबर, आत्मे जन्माआधीच असतात यासारख्या बऱ्याच गोष्टी जोडल्या होत्या. ग्रेगरीचा धिक्कार कुणी केला नाही.

१ करिंथ १५ काय म्हणतं? शेवटचा शत्रू मरण, तोही नाहीसा होईल, आणि देव सर्वांना सर्वकाही होईल. कवडसा, तुमच्या सांगण्यात मरण नाहीसं होत नाही, जिंकतं. जितके नष्ट झाले तितके त्याने कायमचे खाल्ले. शिलास्तंभ, तुमच्या सांगण्यात विश्वाच्या एका कोपऱ्यात बंड कायमचं तग धरून राहतं. मग देव सर्वकाही कसा झाला?

आणि प्रकटीकरण एकविसाव्या अध्यायापर्यंत वाचा. एकोणिसाव्यात पृथ्वीचे राजे ख्रिस्ताशी लढायला उभे राहिले आणि मारले गेले. एकविसाव्यात पृथ्वीचे राजे आपलं वैभव घेऊन नव्या यरुशलेमेत येतात, आणि त्या नगरीच्या वेशी कधीच बंद होत नाहीत. वेशी उघड्या ठेवल्या आहेत त्या कुणासाठी?

सांजदिवा

ओलीमाती, तुमचं लिखाण वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, उलट जीव घाबरा झाला.

आमच्या नात्यातल्या एका माणसाने माझ्या लहानपणी माझं जे केलं ते इथे लिहिणार नाही. तो प्रार्थनेत पुढे बसायचा. मी सांगितलं तेव्हा वडीलधाऱ्यांनी मला क्षमेचं वचन वाचून दाखवलं, त्याला कुणी एक शब्द विचारला नाही. आता तुम्ही म्हणता की तो आणि मी शेवटी एकाच मेजवानीला बसणार, हे ठरलेलंच आहे. मला कुणी विचारणार आहे का? इथे विचारलं नाही, तिथेही नाही?

मला त्याची अनंत यातना नको. पण सगळे तरणारच असं आधीच जाहीर झालं, तर माझ्यावर जे झालं त्याला वजन काय राहिलं? पाऊलखुणा यांनी पुस्तकं उघडण्याबद्दल लिहिलं, ते मला पटतं. माझं पान तरी पूर्ण वाचलं गेलं पाहिजे.

ओलीमाती

सांजदिवा, तुम्ही हे लिहिलंत, त्यासाठी तुमचे मनापासून आभार. तुम्हाला क्षमेचं वचन ज्यांनी ऐकवलं त्यांनी शास्त्राचा गैरवापर केला.

मी सांगते ती माफी स्वस्तातली नाही. १ करिंथ ३:१५ मध्ये तारण आहे, पण ते अग्नीतून गेल्यासारखं. तुमचं पान पूर्ण वाचलं जाईल आणि त्याला ते ऐकावं लागेल. तुम्हाला जे भोगावं लागलं ते त्याला आतून कळेपर्यंत. तिथे सबब चालणार नाही, वडीलधारे आड येणार नाहीत. जक्कय या जकातदाराच्या घरी तारण आलं ते त्याने लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली तेव्हा. ज्याने तुमचं बालपण घेतलं, त्याने काय परत करायचं हे मला सांगता येत नाही. पण त्याशिवाय मेजवानी नाही, इतकं मी ठामपणे म्हणते.

सांजदिवा

आणि तो ऐकायला तयारच झाला नाही तर?

ओलीमाती

तर अग्नी थांबणार नाही. माझा विश्वास इतकाच की देवाचा धीर माणसाच्या हट्टापेक्षा मोठा आहे.

शिलास्तंभ

सांजदिवा यांनी जे विचारलं तेच माझंही म्हणणं आहे, फक्त त्यांना ते विचारण्याचा माझ्यापेक्षा जास्त अधिकार आहे. "तयारच झाला नाही तर" ही शक्यता खरी मानली, तर सर्वांचं तारण निश्चित आहे असं म्हणता येत नाही. आणि ती शक्यता नाकारली, तर माणसाच्या नकाराला अर्थच उरत नाही.

पाऊलखुणा

मला एक वेगळी गोष्टही बोलायची आहे. एका दफनविधीला मी हजर होते. मेलेला माणूस कधी मंडळीत आला नव्हता, पण वस्तीतल्या बेवारस आजाऱ्यांची शुश्रूषा त्याने वर्षानुवर्षं केली होती. उपदेशकाने कबरेपाशी उभं राहून, त्याच्या मुलीसमोर सांगितलं की विश्वासाविना मेलेल्याला आशा नाही. मुलीने हातातली माती तशीच धरून ठेवली होती.

येशूच्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कुणी येत नाही, हे योहान १४:६ मी नाकारत नाही. पण मत्तय २५ मध्ये दोन्ही बाजूचे लोक चकित होतात. "प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं?" नीतिमानांनाही माहीत नव्हतं की ते कुणाची सेवा करत होते! रोम २:१४-१६ मध्ये पौल हृदयावर लिहिलेल्या नियमशास्त्राबद्दल बोलतो. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही म्हटलं की स्वतःच्या दोषाविना शुभवर्तमानाला अनोळखी राहिलेले, पण प्रामाणिक मनाने देवाला शोधणारे आणि विवेकाला जागून वागणारे तारण मिळवू शकतात. ज्याचा निवाडा देवाने राखून ठेवला आहे तो आपण कबरेपाशी जाहीर करायचा?

शिलास्तंभ

त्या उपदेशकाने चूक केली. विशिष्ट माणूस कुठे गेला हे सांगायचा अधिकार कुणालाच दिलेला नाही, आणि माझ्या बाजूच्या लोकांनी हे पाप पुष्कळदा केलं आहे. पण कर्मांनी तारण मिळतं असं मात्र इथून काढू नका. तारण कृपेने, कर्मांनी नाही, हे इफिस २:८-९ आहेच. तो माणूस तरला असेल तर ख्रिस्ताच्या कृपेने तरला, शुश्रूषेच्या बळावर नाही.

पाऊलखुणा

मान्य. आणि पाप चालू राहतं म्हणून शिक्षा चालू राहते, हे तुमचं उत्तर अक्विनासपेक्षा मला कितीतरी जवळचं वाटतं. पण मग ते उत्तर पूर्ण करा. बंड चालू आहे म्हणून शिक्षा चालू असेल, तर बंड थांबल्यावर ती थांबायला हवी. मेल्यावर बंड थांबूच शकत नाही हे कोणी ठरवलं? इब्री ९:२७ मध्ये मरण आणि नंतर न्याय इतकंच आहे. १ पेत्र ४:६ तर म्हणतं की मेलेल्यांनाही शुभवर्तमान सांगण्यात आलं.

शिलास्तंभ

दहा कुमारींच्या दाखल्यात दार लावलं जातं आणि बाहेरून हाका मारणाऱ्यांना "मी तुम्हाला ओळखत नाही" असं उत्तर मिळतं. लूक १६ मध्ये मोठी दरी आहे आणि तिकडून इकडे कुणी येऊ शकत नाही. पेत्राच्या त्या एका अवघड वचनावर मी कुणाला उद्यावर सोडू शकत नाही. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला "पुढेही संधी आहे" असं सांगितलं आणि ती नसली, तर त्याचं रक्त माझ्या हाताला लागेल.

सगळे तरावेत अशी प्रार्थना मीही रोज करतो.

पाऊलखुणा

तुम्ही जे मागता तेच देवाला हवं आहे, असं १ तीमथ्य २:४ सांगतं. सर्व माणसांचं तारण व्हावं अशी त्याची इच्छा आहे. मग त्याची इच्छा कायमची अपुरी राहणार?

शिलास्तंभ

येशू यरुशलेमेला काय म्हणाला ते मत्तय २३:३७ मध्ये आहे. कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुझ्या मुलांना एकत्र करायची माझी किती वेळा इच्छा होती, पण तुमची नव्हती. त्याची इच्छा अपुरी राहिल्याचं दुःख त्यानेच बोलून दाखवलं आहे. ते वचन मला पुसता येत नाही.

पाऊलखुणा

मलाही नाही. पण दोन वचनं पुढे तो त्याच यरुशलेमेला म्हणतो की "प्रभूच्या नावाने येणारा धन्यवादित" असं तुम्ही म्हणाल तोपर्यंत मी तुम्हाला दिसणार नाही. ज्यांनी नाकारलं तेच एक दिवस असं म्हणतील, हे त्याने धरलेलं आहे.

शिलास्तंभ

ते म्हणायला मुदत आहे. माझ्या वाचनात ती मरणापर्यंतच आहे.

सांजदिवा

मुदत कितीही असो, म्हणणाऱ्याने आधी माझ्याकडे बघून म्हणावं.