जांभळाच्या पेनात जांभळी रिफिल

(सोसायटीचा ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे. जानेवारीचा पहिला आठवडा.)

सोमवार

मेधाताई, बी-७०३: मंडळी, एक मदत हवी आहे. यंदा महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून भाऊकाकांनी केलेली लाकडी पेनं द्यायची ठरलीयेत. गेटजवळचं जांभळाचं झाड दोन पावसाळ्यांपूर्वी पडलं ना, त्याच्याच फांदीची. तीस पेनं तयार आहेत, सुंदर झालीयेत. अडचण एवढीच की सगळ्यांत काळी रिफिल आहे. आम्हाला जांभळी, हिरवी, लाल अशी रंगीत हवी. वाण काळं कसं द्यायचं?

सुलभाकाकू, ए-१०१: अगं संक्रांतीलाच तर काळं चालतं.

मेधाताई, बी-७०३: साडी चालते हो काकू, शाई नको.

ऋचा, बी-५०१: ऑनलाइन बारा रंगांचा सेट मिळतो की. माझ्याकडे आहे.

मेधाताई, बी-७०३: तोच मागवला. २४० रुपये गेले. जेलच्या जाडजूड नळ्या आल्या, एकही पेनात शिरत नाही. वर लिहिलं होतं 'सर्व पेनांना चालेल'. परत घेत नाहीत, फोन उचलत नाहीत.

मंदार, सी-३०२: ताई, मी सांगतो काय करू नका ते. आमच्या चिरंजीवांनी दिवाळीत रिकाम्या बॉलपेनच्या रिफिलीत इंजेक्शनच्या सुईने फाउंटन पेनची हिरवी शाई भरली. दोन ओळी झकास लिहिल्या. मग ते पेन खिशाला लावून शाळेत. दुपारी बाईंचा फोन. शर्टाच्या खिशाखाली पोपटाएवढा डाग, आणि बनियनवर त्याचं पिल्लू.

निखिल, सी-११०२: होणारच. बॉलपेनची शाई तेलकट असते, मधासारखी घट्ट, म्हणून ती छऱ्याच्या फटीतून गळत नाही. फाउंटनची जवळजवळ पाणीच. जेलची गंमत वेगळी. ती स्वस्थ बसली की घट्ट, छरा फिरायला लागला की पातळ. जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ साली पहिलं जेल पेन आणलं ते याच जोरावर.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना सूचना. उद्या मंगळवारी सकाळी १० ते १ टाकी साफसफाईमुळे पाणी बंद राहील. कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीच्या कामाचे मेसेज टाकावेत.

मेधाताई, बी-७०३: हे सोसायटीचंच काम आहे. झाड सोसायटीचं होतं.

भाऊकाका, ए-२०४: नमस्कार. बोलून टाइप करतो आहे, चुकीचं उमटलं तर समजून घ्या. मेधा, रंगाचं नंतर बघू. आधी पेन उघड, रिफिल काढ आणि पट्टी लाव. दुकानात जाऊन 'जांभळी रिफिल द्या' म्हणणं म्हणजे चपलांच्या दुकानात जाऊन 'तपकिरी द्या' म्हणण्यासारखं आहे. तो आधी नंबर विचारणार.

तुमच्या पेनाला स्लिमलाइन म्हणतात. आत ७ मिमीची पितळी नळी आहे, लाकूड तिच्यावर चिकटवून मग लेथवर कातलंय. नळीत पेन फिरवल्यावर टोक आतबाहेर करणारं छोटं मशीन दाबून बसवलंय. ते एक मिमी जरी जास्त दाबलं गेलं तरी टोक आत जायचं नाव घेत नाही, ही तीस होईपर्यंत आणखी दोन पेनं मी तशी वाया घालवली. त्या मशीनला क्रॉस कंपनीच्या पद्धतीची रिफिल लागते. बारीक, धातूची, मागच्या टोकाला आटे. आट्यांवर फिरवली की मशीनला घट्ट धरते. या जातीत निळी आणि काळी कुठेही मिळेल. रंगीत शोधावी लागते, बाहेरदेशची मिळाली तर पेनापेक्षा महाग.

दुसरी पार्कर पद्धतीची. ९८ मिमी लांब, जाड, मागे दात्यांचा प्लास्टिकचा मुकुट. ही तुमच्या पेनात जाणार नाही. जबरदस्ती केलीत तर मशीन फाटेल. हे सगळं मी आधी विचारायला हवं होतं. वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, ड्रॉइंग हातात असल्याशिवाय जॉब लावला नाही कधी. आणि इथे पेनाच्या सुट्या भागांचं किट स्वस्त मिळालं म्हणून घेऊन टाकलं.

निखिल, सी-११०२: काका, त्यात अजून एक खड्डा आहे. पार्करवाल्या मापाचं नाव आहे जी-टू. आणि पायलट कंपनीच्या जेल पेनाचंही नाव जी-टू. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पायलटची रिफिल ११ सेंटिमीटरच्या आसपास लांब. ती बघा, रंग भरपूर मिळतात, पण पार्करच्या पेनात कापल्याशिवाय बसत नाही.

ऋचा, बी-५०१: मी मागच्या वर्षी हेच केलं. कात्रीने मागून कापली. शाईमागे एक पारदर्शक चिकट ग्रीस असतं ते बाहेर आलं, मला वाटलं घाण आहे, पुसून टाकलं. सगळी शाई पेनात मागे सांडली.

निखिल, सी-११०२: ते ग्रीसच शाईचं बूच आहे. कापायची तर मागची फक्त रिकामी नळी कापायची.

सुलभाकाकू, ए-१०१: काय दिवस आले. माझे वडील सांगायचे, घोडा छाप शाईच्या गोळ्या मिळायच्या, पाण्यात विरघळवली की झाली शाई. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेला धंदा, पुढे तोच कॅम्लिन. तेव्हा नव्हता कोणी माप विचारत.

निखिल, सी-११०२: म्हणूनच तर मी म्हणतो, काकांनी पुढच्या खेपेला फाउंटन पेनं करावीत. कन्व्हर्टर, म्हणजे आतली छोटी पिचकारी, लावला की कुठल्याही बाटलीतली शाई ओढून घ्या. सुलेखा, ब्रिल, कृष्णा, आपल्याच देशात शाया कमी नाहीत. फक्त चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घालू नका, त्यात लाख असते, वाळली की पेन बंद.

मेधाताई, बी-७०३: निखिल, हळदीकुंकू १६ तारखेला आहे. पुढच्या खेपेचं पुढच्या खेपेला.

मंदार, सी-३०२: जांभळी शोधायला जांभळी नाक्यावर गेलात का?

मेधाताई, बी-७०३: गेले होते रे बाबा. भाजीची पिशवी घेऊन आले. तिथून गोखले रोडवरची दुकानंही पालथी घातली. एक जण म्हणाला, 'मॅडम, रिफिल आता कोण टाकतं, नवीन पेनच घ्या.'

सुलभाकाकू, ए-१०१: हिरवी मिळाली तर मला द्या. छत्तीस वर्षं मंत्रालयात काढली. हिरवी सही म्हणजे साहेबाची, आम्ही त्या शाईला हात लावायचा नाही. आता लावीन.

मंगळवार

भाऊकाका, ए-२०४: पहाटे एक कल्पना सुचली. चार रंगांचं बटनाचं पेन असतं ना, त्यात छोट्या धातूच्या रिफिली असतात. तिला डी-वन म्हणतात. ६७ मिमी लांब, जाडी सव्वादोन मिमीच्या आसपास. नातवाच्या पेनातली काढून आपल्या पेनाच्या पुढच्या भोकातून घालून बघितली. टोक बरोबर बाहेर येतं, खडखडत नाही. फक्त मागे पन्नासेक मिमी कमी पडते.

निखिल, सी-११०२: काका, शेपूट लावायचं?

भाऊकाका, ए-२०४: बरोबर. संपलेल्या काळ्या रिफिलीचं आट्यांचं टोक कापून घेतलं. मधे नायलॉनची काडी कातून, भोक पाडून, एका बाजूला आट्यांचं टोक, दुसऱ्या बाजूला डी-वन. पहिली ढिली झाली, लिहिताना आत सरकली. दुसऱ्या वेळी भोक एक केसभर बारीक ठेवलं. फोटो टाकतो. वाकडंतिकडं 'श्री' दिसतं आहे ते माझं आहे, पेनाचा दोष नाही.

मेधाताई, बी-७०३: काका, तुमच्या पाया पडते. पण डी-वन जांभळी कुठे मिळेल?

निखिल, सी-११०२: मी शनिवारी मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला, स्टेशनरीच्या घाऊक बाजारात जातो. कोणी येणार? स्लो लोकल धरायची, फास्ट मशीद बंदरला थांबत नाही. रविवारी बाजार बंद.

भाऊकाका, ए-२०४: मी येतो. पट्टी घेऊन.

ऋचा, बी-५०१: काका, जांभळाचं लाकूड जांभळं का नाही? आतून करडं, तांबूस कसं?

भाऊकाका, ए-२०४: फळ जांभळं असतं, लाकूड कशाला असेल. पण लाकूड फार चिवट. महापालिकेची माणसं खोड घेऊन गेली, एक फांदी मी मागून घेतली होती. तुकडे करून टोकांना फेव्हिकॉल फासून जिन्याखाली ठेवले. नाही फासलं तर टोकाकडून पाणी लवकर उडतं आणि भेगा पडतात. हे लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून पूर्वी विहिरीच्या तळाशी घालायचे. सेक्रेटरीसाहेब, एक तुकडा उरलाय. टाकी रिकामीच आहे आज.

सेक्रेटरी: कृपया टाकीत कोणीही काहीही टाकू नये. साफसफाई चालू आहे.

शनिवार

निखिल, सी-११०२: रिपोर्ट. सहा दुकानं झाली. पाच ठिकाणी 'डझनाखाली नाही', एका ठिकाणी 'आधी पेन दाखवा'. त्या एकालाच काकांनी पेन दाखवलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवून पेन उघडलं, काकांचं नायलॉनचं शेपूट बघितलं आणि विचारलं, 'ये किसने बनाया?' त्यानंतर माळ्यावरून खोका उतरला. हिरवी डझन, लाल डझन. जांभळी सहाच, खोक्याच्या तळाला.

मेधाताई, बी-७०३: सहाच?

भाऊकाका, ए-२०४: सहाच. प्रत्येक रिफिल दुकानातच कागदावर गोल गोल फिरवून बघितली, दोन लाल चालेनात, बदलून घेतल्या. एक सांगतो, डी-वन लहान असते, शाई थोडी. पत्र लिहायला घेतलंत तर महिनाभरात संपेल. वाणाला ठीक आहे. संपली की माझ्याकडे या, शेपूट तेच वापरायचं, पुढची फक्त बदलायची.

सुलभाकाकू, ए-१०१: माझी हिरवी बाजूला ठेवा.

मेधाताई, बी-७०३: सहा जांभळींसाठी चिठ्ठ्या टाकू. आत्ताच कोणी फोन करून मागू नका. तिघींचे आले आहेत.

मंगळवार

मेधाताई, बी-७०३: सगळ्या पेनांत रिफिली घालून क्लबहाऊसच्या कपाटात ठेवली होती. आज मोजली तर एकोणतीस. हिरवी बारा, लाल बारा, जांभळी पाच. कोणी नमुन्याला नेलं असेल तर प्लीज परत ठेवा.

मंदार, सी-३०२: आमच्या चिरंजीवांची झडती घेतली. त्याच्याकडे नाही.

ऋचा, बी-५०१: कपाटाची किल्ली कोणाकडे असते?

मेधाताई, बी-७०३: माझ्याकडे आणि ऑफिसात.

ऋचा, बी-५०१: बी विंगच्या लिफ्टमध्ये पार्किंगची नवी नोटीस लागलीये. खाली सही बघा.

निखिल, सी-११०२: बघितली. जांभळी.

सेक्रेटरी: (हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.)

सुलभाकाकू, ए-१०१: हळदीकुंकवाला या हो साहेब. पेन तुमचंच, तिळगूळ घेऊन जा.